मॉर्फीन बँडचं सगळं रेकॉर्डिंग गोळा करायचं, लावायचं आणि ऐकायचं कसं : पायरी पायरीने

मॉर्फीन ऐकायला घेतलं आणि दोन गाण्यांत सोडून दिलं असं सांगणारे बरेच भेटतात, आणि प्रत्येक वेळी खोदून विचारलं की तेच निघतं. मोबाइलच्या स्पीकरवर लावलेलं असतं, शफलवर लावलेलं असतं, नाहीतर कुठलं तरी बेस्ट ऑफ लावून 'झालं ऐकून' केलेलं असतं. दुसरा प्रकार म्हणजे गोळा करणारे, त्यांच्या फोल्डरमध्ये पाच अल्बमचे आठ होतात, लाइव्ह आणि स्टुडिओ एकत्र होतं, आणि रिलीजची वर्षं बघितली तर बँड २००९ पर्यंत जोरात चालू होता असं वाटावं. १९९९ मध्येच संपला तो.

मॅसेच्युसेट्समधल्या केंब्रिजचा हा तिघांचा बँड. मार्क सँडमन गायचा आणि दोन तारांचा बास स्लाइडने (तारेवर घसरवायच्या नळीने) वाजवायचा, डेना कॉली बॅरिटोन म्हणजे खालच्या पट्टीतला सॅक्सोफोन वाजवायचा, आणि ड्रम्सवर आधी जेरोम डुप्री, नंतर बिली कॉनवे. लीड गिटार नाही. एवढं लक्षात असू द्या, खालच्या निम्म्या सूचना या एकाच गोष्टीतून आल्यात.

## तयारी : आधी आवाजाची सोय, मग बाकी सगळं

लोक उलटं करतात, आधी डाउनलोड, मग टॅग (फाइलला जोडलेली नाव-वर्षाची माहिती), आणि आवाज शेवटी जमला तर. या बँडला ते चालत नाही.

कारण साधं आहे. बॅरिटोन सॅक्सचा सगळ्यात खालचा सूर साधारण ६५ हर्ट्झवर असतो, बासची नेहमीची खालची तार ४१ च्या आसपास, आणि सँडमनचा गळाही खर्जातलाच. फोनचा स्पीकर तिथे पोचतच नाही, त्याचा आवाज काहीशे हर्ट्झच्या खाली पार ढासळतो. वरच्या हार्मोनिक्सवरून, म्हणजे मूळ सुरासोबत वाजणाऱ्या वरच्या सुरांवरून, कान खालचा सूर अंदाजाने भरून काढतो, त्यामुळे गाणं 'ओळखू' येतं, पण वजन गायब. नेहमीच्या रॉक बँडमध्ये गिटार मधल्या पट्टीत असते, ती फोनवरही ऐकू येते, म्हणून तिकडे खपून जातं. इथे बास आणि सॅक्स गेले की उरतात फक्त झांजा आणि एक माणूस पुटपुटतोय, मग कंटाळा येणारच ना.

काय लागेल :

१. कानावर नीट बसणारे वायरचे हेडफोन, महाग नकोत. कानात घालायचे असतील तर रबरी टोक घट्ट बसलं पाहिजे, फट राहिली की बास तिथूनच निसटतो. बरेच जण वेगवेगळ्या मापाची टोकं डब्यात तशीच ठेवून देतात, ती आधी काढून घालून बघा.

२. स्पीकर असेल तर भिंतीच्या कोपऱ्यात कोंबू नका. कोपऱ्यात बास फुगतो, आणि या बँडचा फुगलेला बास म्हणजे नुसता गाळ.

३. इक्वलायझर सपाट. बास बूस्ट, मेगा बास, सराउंड, जे काही असेल ते बंद.

तिसऱ्या मुद्द्यावर लोक वाद घालतात की खालचे सूर ऐकायचेत तर बास वाढवायला नको का. नको. बास आणि बॅरिटोन दोघंही जवळजवळ एकाच पट्टीत राहतात, ती पट्टी तुम्ही सरसकट वर उचलली की दोघांमधली सीमारेषाच पुसली जाते, आणि मग सॅक्स कुठे संपला आणि बास कुठे सुरू झाला ते कळत नाही.

तपासणी : 'क्युअर फॉर पेन' अल्बममधलं 'ब्वेना' लावा. सुरुवातीला बासची एक ओळ येते. ती ऐकून सूर गुणगुणता आला तर सोय झाली. नुसतं 'धप धप' किंवा 'घूं घूं' ऐकू आलं तर हेडफोन बदला किंवा नीट बसवा, पुढे जाऊ नका.

## पायरी १ : कागदावर यादी करा, ॲपवर विसंबू नका

स्ट्रीमिंगवर बँडचं पान उघडलं की अल्बम, पुन्हा काढलेल्या आवृत्त्या, लाइव्ह, संकलनं सगळं एका रांगेत येतं, आणि तारखा बऱ्याचदा मूळ नसून त्या आवृत्तीच्या असतात. म्हणून आधी हाताने यादी करायची, आणि तीन कप्प्यांत.

पहिला कप्पा, स्टुडिओ अल्बम. हे पाचच आहेत, सहावा कोणी सांगितला तर ऐकू नका.

- 'गुड', १९९२, १३ ट्रॅक
- 'क्युअर फॉर पेन', १९९३, १३ ट्रॅक
- 'येस', १९९५, १२ ट्रॅक
- 'लाइक स्विमिंग', १९९७, १२ ट्रॅक
- 'द नाइट', २०००, ११ ट्रॅक

बेरीज ६१. हा आकडा कागदावर वर मोठा लिहून ठेवा, टॅग करताना कामाला येणारे.

दुसरा कप्पा, बँडच्याच नावावरचं बाकीचं. 'बी-साइड्स अँड अदरवाइज' (१९९७), 'बुटलेग डेट्रॉइट' (२०००), 'द बेस्ट ऑफ मॉर्फीन : १९९२–१९९५' (२००३), 'ॲट युअर सर्व्हिस' (२००९), आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉरफील्ड थिएटरमधल्या १९९७ च्या कार्यक्रमाचं लाइव्ह, जे २०१७ मध्ये बाहेर आलं.

तिसरा कप्पा, बँडच्या आधीचं, नंतरचं आणि आजूबाजूचं. म्हणजे सँडमन आणि कॉनवे आधी ज्यात होते तो 'ट्रीट हर राइट', सँडमनच्या स्वतःच्या रेकॉर्डिंगचा २००४ चा 'सँडबॉक्स' संच, आणि मागे राहिलेल्यांनी नंतर काढलेले बँड. हा कप्पा सध्या बंदच ठेवा.

सावधान : ही दोन नावं हमखास फसवतात.

'बुटलेग डेट्रॉइट' हे नाव वाचून लोक त्याला चोरटं रेकॉर्डिंग समजतात आणि यादीतून काढतात. ते अधिकृत आहे. ७ मार्च १९९४ ला डेट्रॉइटच्या सेंट अँड्र्यूज हॉलमध्ये झालेला कार्यक्रम आहे तो. टॅगमध्ये रिलीजचं वर्ष २००० आणि रेकॉर्डिंगचं १९९४ अशी दोन वर्षं लागतात.

दुसरं 'बेस्ट ऑफ'. त्याच्या नावातच १९९२–१९९५ लिहिलंय, तरी लोक ते अख्ख्या बँडचं सार म्हणून ऐकतात. शेवटचे दोन अल्बम त्या वर्षांच्या बाहेर आहेत हो! अर्धा बँड ऐकून मत बनवणं यालाच म्हणतात.

## पायरी २ : मिळवायचं कुठून

स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर हे पटकन होतं. सर्चमध्ये बँडचं नाव रोमनमध्ये टाका आणि सोबत एखाद्या अल्बमचं नाव जोडा, नाहीतर या शब्दाच्या नावाची भलत्याच लोकांची गाणी येतात. बँडच्या पानावर जाऊन 'पॉप्युलर' म्हणून दिसणारी यादी वाजवू नका, थेट अल्बम उघडा. पाच अल्बम लायब्ररीत टाका, ट्रॅकची संख्या वरच्या यादीशी जुळवा. जास्त ट्रॅक दिसले तर ती बोनसवाली आवृत्ती आहे, साधी सापडली तर तीच घ्या.

मग सेटिंगमध्ये तीन गोष्टी : शफल बंद, ऑटोप्ले बंद, गॅपलेस (दोन गाण्यांत फट न पाडता वाजवणं) चालू. आवाजाची पातळी समान करणारं सेटिंग असेल तर तेही बंद केलेलं बरं, कारण या अल्बममधली शांत गाणी शांतच ठेवलेली आहेत, ती ओढून वर आणली की अल्बमचा चढउतार जातो.

ऑटोप्ले बंद करणं लोक विसरतात. अल्बमचं शेवटचं गाणं विरत असताना अचानक कुठला तरी नव्वदीतला गिटारवाला बँड किंचाळत आला की सगळं पाणी.

सीडी घ्यायची असेल तर थोडा जास्त वेळ द्या. आपल्याकडे मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाऊस २०१६ ला बंद झालं, तेव्हापासून दुकानात जाऊन असली सीडी चाळणं जवळपास संपलंच, आता जुन्या मालाची ऑनलाइन बाजारपेठ नाहीतर परदेशातून येणारा एखादा नातेवाईक. दोन्हीसाठी हे बघायचं :

१. विक्रेत्याकडून चार फोटो मागा. पुढचं कव्हर, मागचं कव्हर, बुकलेटचं आतलं पान, आणि सीडीची चमकती बाजू उजेडात तिरकी धरून. चौथा द्यायला टाळाटाळ केली तर समजून जा.

२. मधल्या भोकाभोवती तडे आहेत का बघा. वरवरचे ओरखडे बऱ्याचदा वाचतात, मधला तडा वाढत जातो.

३. लेबल, म्हणजे रेकॉर्ड कंपनी बघा. 'गुड' आधी अ‍ॅक्युरेट-डिस्टॉर्शन या छोट्या लेबलवर आला आणि पुढच्या वर्षी रायकोडिस्कने पुन्हा काढला. पहिली आवृत्ती म्हणून जास्त पैसे मागत असेल तर मागच्या कव्हरवर रायकोडिस्कचं नाव आहे का तेवढं बघा, असेल तर ती पहिली नव्हे. ऐकण्यासाठी रायकोची उत्तम आहे, उगाच पहिलीच्या मागे लागू नका.

४. रायकोडिस्कच्या त्या काळच्या बऱ्याच सीडी हिरवट झाक असलेल्या पारदर्शक डबीत यायच्या. जुन्या मालात डबी फुटली म्हणून साधी पांढरी लावलेली असते. आवाजाला काही फरक नाही, पण विकणारा 'अगदी मूळ अवस्थेत' म्हणत असेल तर डबीकडे बघून भाव करा.

व्हिनाइलबद्दल थोडक्यात : टर्नटेबल आधीपासून घरात असेल तरच. बाहेरून मागवलं तर कस्टम्स आणि कुरिअर मिळून रेकॉर्डपेक्षा जास्त होऊ शकतं, आणि स्वस्तातल्या सूटकेसवाल्या प्लेअरचा स्पीकर मोबाइलपेक्षा फार काही बरा नसतो, म्हणजे फिरून पहिल्याच चुकीवर.

## पायरी ३ : रिप आणि टॅग

(फक्त स्ट्रीमिंगवाल्यांनी ही पायरी सोडून चौथीवर जा.)

रिप म्हणजे सीडीवरची गाणी कॉम्प्युटरवर उतरवून घेणं. त्यासाठी विंडोजवर एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी, मॅकवर एक्सएलडी हे प्रोग्राम. फॉरमॅट फ्लॅक, त्यात आवाजातलं काही कापलं जात नाही. एमपी३ नंतर कधीही बनवता येते, पण एमपी३ पासून फ्लॅक बनवणं म्हणजे चहातून दूध वेगळं काढायला बसणं. रिप झाल्यावर ॲक्युरेटरिपचा (तुमची रिप इतरांच्या रिपशी ताडून बघणारी सोय) निकाल बघा, एखादा ट्रॅक जुळला नाही तर सीडी मऊ कापडाने मधून बाहेरच्या दिशेने पुसून तेवढाच ट्रॅक पुन्हा. गोल गोल पुसायचं नाही.

आता टॅग, इथेच सगळा गोंधळ होतो.

अल्बम आर्टिस्ट प्रत्येक फाइलमध्ये एकसारखा पाहिजे. कुठे 'मॉर्फीन', कुठे 'मार्क सँडमन अँड मॉर्फीन', कुठे रिकामं, असं झालं की प्लेअर एका अल्बमचे तीन तुकडे करतो.

वर्ष नेहमी मूळ रिलीजचं. आपोआप टॅग आणणारे प्रोग्राम हातातल्या आवृत्तीचं वर्ष टाकतात, त्यामुळे 'गुड' हा १९९३ चा होऊन 'क्युअर फॉर पेन'च्या शेजारी येऊन बसतो, आणि वर्षावर लावलं की क्रम चुकतो.

गाण्यांची नावं सीडीच्या मागे जशी आहेत तशीच. 'आय नो यू' या नावाचे तीन भाग आहेत, पहिला आणि दुसरा 'गुड'च्या शेवटी आणि तिसरा थेट १९९७ च्या 'लाइक स्विमिंग'मध्ये. काही लोक 'डुप्लिकेट काढा'चं बटण दाबतात आणि प्रोग्राम नावं सारखी बघून त्यातला एखादा उडवतो. भागाचा आकडा नावात ठेवा आणि ते बटण दाबूच नका.

फाइलचं नाव वेगळी भानगड. 'गुड'मधल्या दहाव्या ट्रॅकच्या नावात मधे तिरकी रेघ आहे, दोन नावं जोडलेली आहेत म्हणून. फाइलच्या नावात ती रेघ चालत नाही, कधी कधी तिथे नवाच फोल्डर तयार होतो आणि ट्रॅक त्यात जाऊन बसतो, मग माणूस म्हणतो माझ्याकडे बाराच का. फाइलच्या नावात आडवी रेघ टाका, टॅगमध्ये तिरकी ठेवा.

ड्रमरचं श्रेय कॉमेंटच्या रकान्यात लिहून ठेवा, ऐकताना उपयोग होतो. ढोबळ मानाने पहिल्या दोन अल्बमवर मुख्यत्वे डुप्री, 'येस'पासून कॉनवे, आणि 'द नाइट'वर दोघंही. सगळीकडे कॉनवेचंच नाव चिकटवलेलं दिसतं, ते चूक.

रिप्लेगेन (आवाजाची पातळी समान करणारा टॅग) वापरत असाल तर 'अल्बम' मोडवर, 'ट्रॅक' मोडवर नाही.

तपासणी : पाचही फोल्डर निवडा, फाइली मोजा. ६१ आल्या पाहिजेत. मग 'क्युअर फॉर पेन' पहिल्या ट्रॅकपासून लावा. 'डॉना' हा पहिला तुकडा नुसत्या वाद्यांचा, मिनिटभराचाही नाही, आणि त्यातून 'ब्वेना'त जाताना मधे टिकटिक किंवा कापल्यासारखं झालं तर गॅपलेस नीट चालत नाहीये. प्लेअर बदला.

## पायरी ४ : ऐकण्याचा क्रम

आता खरं काम. माझा क्रम असा : दुसरा, पहिला, तिसरा, चौथा, पाचवा. सरळ वर्षानुसार का नाही असं दर वेळी कोणीतरी विचारतं. तर 'गुड' चांगलाच आहे पण त्यात बँड अजून चाचपडतोय, आणि 'क्युअर फॉर पेन'मध्ये साचा पक्का झालेला आहे. आधी पक्का साचा कानात बसला की मग पहिल्या अल्बममध्ये तो कसा घडत होता ते आपोआप ऐकू येतं. उलटं केलं तर बरेच जण 'गुड'वरच थांबतात.

एका बैठकीत एक अल्बम. पहिले तीन तर पाऊण तासाच्या आत संपतात, तेव्हा वेळ नाही ही सबब चालणार नाही.

४.१ 'क्युअर फॉर पेन', दोनदा.

पहिल्यांदा नुसतं ऐका. दुसऱ्यांदा ऐकताना एकच गोष्ट धरा : बास आणि सॅक्स एकाच पट्टीत असून एकमेकांच्या पायात का येत नाहीत. उत्तर बहुतेक ठिकाणी हे की बास एक छोटी ओळ घेऊन फिरवत राहतो, आणि सॅक्स त्याच्या मोकळ्या जागेत उत्तर देतो, किंवा दोघं मुद्दाम एकच ओळ मिळून वाजवतात आणि तेव्हा गाणं एकदम जाड होतं. वरची पट्टी पूर्ण ड्रम्सच्या झांजांना आणि स्नेअरला मोकळी सोडलेली. म्हणून तिघंच असूनही पोकळ वाटत नाही.

स्लाइडकडेही लक्ष द्या. सँडमन सुरावरून सुरावर उडी मारत नाही, घसरत जातो, आपल्याकडची मींड ऐकलेल्या कानाला हे लगेच पकडता येतं. सुराच्या मधल्या जागा तो वापरतो, त्यामुळे बास गळ्यासारखा ऐकू येतो.

मधेच 'इन स्पाइट ऑफ मी' येतं, त्यात मँडोलिन आहे, सगळं हलकं. लोक म्हणतात हे काय मधेच घुसवलं. ते जिथे आहे तिथेच पाहिजे, त्याच्यामागून येणाऱ्या 'थर्सडे'चा धक्का त्यामुळेच बसतो. शफलवर ऐकणाऱ्याला हे कधीच कळणार नाही. शेवटचा तुकडा जॅझ ट्रंपेटवादक माइल्स डेव्हिसच्या अंत्ययात्रेच्या नावाने आहे, तोही छोटा आणि शब्दांशिवाय, तो संपेपर्यंत उठायचं नाही.

सावधान : 'जॅझ बँड' म्हणून लांबलचक सोलोची वाट बघू नका. गाणी बहुतेक तीन-चार मिनिटांची आहेत. जॅझ आहे तो सॅक्सच्या आवाजात आणि सोडलेल्या जागेत, स्लाइड ब्लूजकडून आली, आणि गाण्याची बांधणी रॉकची. यातलं एकच शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही. बँडवाले स्वतः याला 'लो रॉक' म्हणायचे, तेवढं नाव पुरे.

४.२ 'गुड'. लगेच दुसऱ्या दिवशी. आवाज जास्त कोरडा वाटेल. 'यू लुक लाइक रेन' नीट ऐका, इतकं कमी वाजवून गाणं उभं कसं राहतं ते बघण्यासारखं आहे. 'आय नो यू'चे दोन्ही भाग शेवटी येतात, ते लक्षात ठेवा.

४.३ 'येस'. 'हनी व्हाइट'ने धडाक्यात सुरू होतो. ड्रम्सवर कॉनवे आहे, तो आणि डुप्री यांच्यातला फरक ऐकायला हीच जागा. माझ्या कानाला डुप्री जास्त चपळ, बारीक काम करणारा, आणि कॉनवे जास्त बसका, मागे रेलून वाजवणारा. तुम्हाला वेगळं वाटलं तर वाटू द्या, पण ऐकून वाटू द्या, वाचून नको. शेवटी 'गॉन फॉर गुड' अगदी उघडं, जवळपास एकट्याचं. आधीच्या गाण्यांसाठी आवाज वाढवला असेल तर इथे कमी करू नका.

४.४ 'लाइक स्विमिंग'. पहिल्यांदा हा रायकोडिस्कसोबत ड्रीमवर्क्सच्या नावाने आला, आणि मोठं लेबल आलं की बँड बिघडतो या ठरलेल्या समजुतीने बरेच जण तो न ऐकताच नावं ठेवतात. मला स्वतःला हा पाचांत थोडा उणा वाटतो, मधली दोन-तीन गाणी आधीच्या साच्यातूनच काढल्यासारखी आहेत, पण 'अर्ली टू बेड' आणि 'मर्डर फॉर द मनी' सोडण्यासारखी नाहीत. 'आय नो यू'चा तिसरा भाग आला की थांबा, 'गुड' उघडून पहिले दोन भाग पुन्हा लावा आणि मग तिसरा. एका कल्पनेला पाच वर्षांत काय झालं ते तिथे कळतं. हा एकच अपवाद, बाकी अल्बम मधे तोडायचा नाही.

४.५ 'द नाइट'. हा शेवटीच, आणि मधे दोन-चार दिवस जाऊ द्या.

सँडमन ३ जुलै १९९९ ला इटलीत, रोमजवळच्या पालेस्त्रिनामध्ये, स्टेजवर गात असताना कोसळला आणि गेला. ४६ वर्षांचा होता. अल्बम फेब्रुवारी २००० मध्ये बाहेर आला. यावरून दोन चुका होतात. एक, लोक याला उरल्यासुरल्या तुकड्यांचं संकलन समजतात. तसं नाहीये, रेकॉर्डिंग तो असतानाचं आहे आणि हा रीतसर पाचवा अल्बम आहे. दुसरी, प्रत्येक ओळीत त्याच्या मरणाची चाहूल शोधतात. त्याला काही माहीत नव्हतं हो, तो पुढचा अल्बम करत होता.

ऐकताना बघायचं ते वेगळंच आहे. इथे तिघांचा साचा त्यांनी स्वतःच उघडलाय : चेलो, व्हायोला, ऑर्गन, मागे गाणारे आवाज, 'रोप ऑन फायर'मध्ये तर अरबी वळणाचं वाजवणं, आणि दोन्ही ड्रमर. म्हणजे पहिल्या चार अल्बममध्ये जी जागा मोकळी होती ती आता कोणी आणि किती भरली, हे मोजत ऐका. आणि हा अल्बम आधी ऐकला तर ही मोजणी करताच येत नाही, म्हणून तर तो शेवटी.

तपासणी : पाचही झाल्यावर, न बघता, प्रत्येक अल्बमचं पहिलं गाणं कुठलं ते आठवून बघा. तीन तरी आठवली पाहिजेत. नाही आठवली तर मागे काहीतरी दुसरं चालू होतं, व्हॉट्सअ‍ॅप बहुतेक.

## पायरी ५ : उरलेला माल

आता दुसरा कप्पा. यात सगळं ऐकलंच पाहिजे असं नाही.

'बी-साइड्स अँड अदरवाइज' घ्याच. त्यातलं 'केरुअ‍ॅक' हे बोलल्यासारखं म्हटलेलं आहे, सँडमनचा आवाज किती काम करतो ते तिथे दिसतं. लाइव्ह ट्रॅकही आहेत, त्यांना टॅगमध्ये नावापुढे 'लाइव्ह' लावा, नाहीतर 'ऑल राँग' शोधताना दर वेळी तेच वाजेल.

'बुटलेग डेट्रॉइट' आणि वॉरफील्ड एकापाठोपाठ ऐका, १९९४ आणि १९९७, तोच बँड तीन वर्षांनी. डेट्रॉइटचा आवाज खडबडीत आहे, तुमचे हेडफोन बिघडलेले नाहीत. स्टुडिओतली मोकळी जागा स्टेजवर तिघं कशी सांभाळतात ते ऐका. कॉली कधी कधी दोन सॅक्स एकदम तोंडात धरून वाजवायचा, लाइव्ह ऐकताना मधेच सॅक्स दुहेरी वाटला तर तो भास समजू नका.

'ॲट युअर सर्व्हिस' दोन सीडींचा, आधी बाहेर न आलेला माल. पक्कं आणि कच्चं मिसळलेलं आहे. हा ऐकायची घाई नको, पाच अल्बम तोंडपाठ झाल्याशिवाय त्यातला कच्चेपणा कळत नाही. डिस्क क्रमांक १ आणि २ टॅगमध्ये भरा, रिकामे सोडले तर दोन्ही डिस्कचे पहिले ट्रॅक एकापुढे एक येतात आणि पूर्ण क्रमाची खिचडी होते.

'बेस्ट ऑफ' गाडीत ठेवायला ठीक.

चाहत्यांनी केलेली कार्यक्रमांची रेकॉर्डिंग कोणी दिली तर ती वेगळ्या फोल्डरमध्ये, नावात तारीख आणि गाव. तारीख माहीत नसेल तर 'तारीख नाही' असंच लिहा, अंदाजे टाकू नका, तुमचा अंदाज पुढच्या माणसाकडे माहिती म्हणून जातो.

## पायरी ६ : तिसरा कप्पा, वेगळ्याच फोल्डरमध्ये

'ट्रीट हर राइट'चे अल्बम १९८६ पासूनचे, ब्लूजकडे झुकलेले, त्यात गिटार आहे, हार्मोनिका आहे. सँडमन तिथे खालच्या पट्टीतली गिटार वाजवायचा, म्हणजे पुढच्या दोन तारांच्या बासची वाट तिथूनच निघते. ऐकायचं असेल तर पाचही अल्बमनंतर, आधी नाही.

'सँडबॉक्स'च्या संचात दोन सीडी आणि एक डीव्हीडी. याचा अल्बम आर्टिस्ट 'मार्क सँडमन' ठेवा. मॉर्फीनच्या फोल्डरमध्ये टाकला की मॉर्फीनचा सहावा अल्बम म्हणून फिरायला लागतो, त्या 'सहाव्या अल्बम'च्या अफवेचं मूळ बऱ्याच ठिकाणी हेच असतं.

'ट्वाइनमेन' आणि 'व्हेपर्स ऑफ मॉर्फीन' हे मागे राहिलेल्यांचे बँड. दुसऱ्याच्या नावात मॉर्फीन असल्यामुळे ॲप त्याला मूळ बँडला चिकटवतं. अल्बम आर्टिस्टमध्ये पूर्ण नाव लिहा.

शेवटी बॅकअप. एक प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि कॉपी झाल्यावर तिथेही पाच फोल्डरच्या फाइली पुन्हा मोजा. ६० आल्या तर 'गुड'चं फोल्डर आधी उघडा, त्या तिरक्या रेघेनेच घोळ घातलेला असणार.